पाचाच्या अलीकडे

गुरुवारी रात्री दहाला दार वाजतं.
दारात इक्रमा हमदुले, मूळचा दाभोळचा,
सध्या सोहारला, ट्रकच्या सुट्या भागांच्या गोदामात.
नखांत ग्रीस, काखेत वही,
वहीत पत्राद्वारे शिकवणाऱ्या कुठल्याशा कॉलेजचा प्रश्न:
पाच ओळींचा चांदण्यांचा त्रिकोण छापा.

"भाई, माझ्या एका मित्राला अडलंय हे."
मित्राला. बरं.
गृहपाठाला नेहमीच एक मित्र असतो.

माझ्याकडे दोन उत्तरं तयार होती.
एक सात ओळींचं, चहा उकळेपर्यंत टाइप होणारं.
गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या तनिष्काला मी तेच दिलं.
दहापैकी दहा पडले तिला,
आणि तोंडी परीक्षेत ती रडली.
बाईंनी एवढंच विचारलं होतं, यातला 'आय' काय करतो गं?

दुसरं उत्तर तीन शब्दांचं:
एवढंही येत नाही?
ते मला तोंडपाठ आहे.
इचलकरंजीत, पहिल्या वर्षाला, एका सीनियरनं दिलं होतं,
भरल्या लॅबमध्ये, खुर्चीसुद्धा न वळवता.
पुढे दोन वर्षं मी कुणाला काही विचारलं नाही.
नकलून काढत राहिलो, इतक्या प्रामाणिकपणे
की प्रोग्रॅमच्या माथ्यावरचं
'सौजन्या कित्तूर, रोल नंबर चौदा'
हेही तसंच उतरवलं.
सर म्हणाले, बस सौजन्या.

सुलेमानीचा कप त्याच्यापुढे सरकवला, विचारलं,
"मित्रानं काय काय करून पाहिलं?"
इक्रमानं वही उघडली.
खोडलेलं पान. खोडलेलं पान. मग एक
ज्यात पाचही ओळी हातानंच मांडलेल्या, चांदण्या मोजून.
"हे चालतं," तो म्हणाला,
"पण सरांनी उद्या पन्नास ओळी सांगितल्या तर?"

हात शिवशिवत होते माझे.
कीबोर्ड वीतभर अंतरावर.
तो उशीखाली सारला आणि म्हणालो,
"मी तुझा नवा हेल्पर. कालच विमानातून उतरलोय.
मला काही म्हणजे काही कळत नाही.
ऑइल फिल्टरचे खोके त्रिकोणात लावून घे माझ्याकडून."

"पहिल्या रांगेत एक. दुसऱ्या रांगेत दोन.
तिसऱ्या रांगेत..."
"पन्नासाव्या रांगेपर्यंत असाच ओरडत बसणार?"

तो थांबला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला,
कपातला चहा गार झाला.
"जितवी रांग," म्हणाला, "तितके खोके."

वीस वर्षं या धंद्यात आहे मी.
इतकं स्वच्छ मला कधी सांगता आलं नव्हतं.
तसं त्याला म्हणालो नाही.
म्हणालो, आता हेच यंत्राला सांग, ते माझ्याहून मठ्ठ आहे.

रात्री एक वाजून दहा मिनिटं. फोन.
"भाई, चारच ओळी येतायत."
वाचायला लावलं. ऐकताच कळलं,
बरोबरचं एक चिन्ह राहिलंय, बस्.
सांगितलं असतं तर दोघंही झोपलो असतो.

"इक्रमा, टॅक्सीवाल्याला तू काय सांगितलंस?
फलजच्या गोलचक्करापर्यंत जा,
की गोलचक्कराच्या अलीकडे थांब?"

पलीकडे काही नाही. सहा जणांच्या खोलीतला घरघरणारा एसी.
कुणीतरी मल्याळममध्ये दिवा मालवायला सांगतंय.
एक बटण. मग आणखी एक.
मी डोळे मिटून फोन कानाला धरलेला.
दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"अरे."

मग पुन्हा बराच वेळ काही नाही.

"पाचाच्या अलीकडेच थांबत होता लेकाचा!"

"मित्राला सांग," मी म्हणालो.
"कुठल्या मित्राला?" म्हणाला इक्रमा,
आणि लगेच,
"भाई, पुढचा प्रश्न. हाच त्रिकोण उलटा हवाय."